गाडीवरचं शेजवान आणि खरेपणाचा वाद

चायनीजच्या गाडीला आपल्याकडे दोन्ही बाजूंनी मार बसतो. 2020 च्या जूनमध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली. का, तर ते चिनी. दुसरीकडे परदेश पाहून आलेली मंडळी ऐकवतात, "हे कसलं चायनीज? चीनमध्ये असलं काही मिळतच नाही." म्हणजे ते पुरेसं चिनी नाही म्हणूनही नको. सिंगापुरात राहून, फ्राइड राइस हे रोजचं जेवण असलेल्या माणसांत वावरून माझं मत पक्कं झालंय: दोघंही भाताचा जन्मदाखला तपासत बसलेत आणि खरं तपासायचं ते राहून जातंय.

इथे भातावरून वाद होत नाहीत असं मुळीच नाही. दुपारच्या सुट्टीत एग फ्राइड राइसच्या स्टॉलपुढे रांगेत उभी असलेली ऑफिसची माणसं हमरीतुमरीवर येतात. दाणा आखूड आणि किंचित चिकट हवा की लांब? अंडं आधी की भात आधी? कढईचा तो धुरकट वास, ज्याला इथे वोक हेइ म्हणतात, तो उतरलाय का? स्टॉलवरचा अंकल पोलादी कढई धूर निघेपर्यंत तापवतो, तेल फिरवतो, फेटलेली अंडी ओततो आणि त्यांनी कडा धरली न धरली तोच वर गार भात टाकतो. पळीच्या पाठीने गुठळ्या फोडत, भात उडवत राहतो. उडालेलं प्रत्येक शीत ज्वाळेवरून जाऊन परत कढईत पडतं. शेवटी मीठ आणि पातीचा कांदा. ठाण्याच्या गाडीवरचा पोरगा तरी याहून वेगळं काय करतो? तीच धडधडती शेगडी, तीच मनगटाची झटक. हे कसब सहज येत नाही आणि त्याचं कौतुक आपण कधी केलेलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बरं, अस्सल म्हणायचं तरी कशाला? चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या यांगचौ शहराचा फ्राइड राइस सगळ्यात नामांकित. 2015 साली त्या शहराने त्याची प्रमाण कृतीच ठरवून टाकली. त्यात अंडी, कोळंबी, हॅम, बांबूचे कोंब, मटार आणि समुद्रकाकडी नावाचा समुद्री प्राणीसुद्धा आहे. त्याच वर्षी तिथे विक्रमासाठी 4,192 किलो भात परतला गेला, पण त्यातला काही डुकरांना खायला गेल्याचं निघालं आणि गिनेसने विक्रम नाकारला. प्रमाण कृती निघाली म्हणून बाकी जगाने आपल्या कढया खाली ठेवल्या नाहीत. इंडोनेशियाचा नासी गोरेंग गोडसर, दाट सोया सॉसमुळे काळपट दिसतो, त्याला तेरासीचा म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा उग्र वास असतो आणि सोबत क्रुपुक म्हणजे कुरकुरीत पापड. मलेशियातल्या गावठी पद्धतीच्या भातात सुके मासे आणि कांगकोंग ही पालेभाजी. थायलंडमध्ये फिश सॉस, वर लिंबू, बाजूला काकडी. फिलिपिन्समध्ये लसणाचा सिनांगाग सकाळच्या न्याहारीला. थायलंडमध्येच 'अमेरिकन फ्राइड राइस'ही मिळतो, केचप, बेदाणे आणि सॉसेज घातलेला. तो अमेरिकेत कोणी खात नाही, थाई माणसं मात्र आवडीने खातात. जगभरच्या चिनी हॉटेलांत मिळणाऱ्या करी पावडरच्या पिवळ्या 'सिंगापूर नूडल्स' तर इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांसाठी बांधलेल्या खाऊबाजारात, शोधूनही सापडणं कठीण. त्याबद्दल इथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

आपलं चायनीज काही आभाळातून पडलेलं नाही. ते कोलकात्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या भारतीयांनी घडवलं. चिकन मंचुरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वाँग कोलकात्यात जन्मले आणि मुंबईत नावारूपाला आले. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच थाळीत आणणारं ट्रिपल शेजवान आपल्या गाड्यांवर वाढलं. ते तितकंच खरं आहे जितका इंडोनेशियाचा नासी गोरेंग.

टीकाकारांचं एक मात्र मान्य. ज्या चिनी प्रांतावरून 'शेजवान' हे नाव आलं, त्या सिचुआनची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी तिथली मिरी, आणि तीच आपल्या शेजवानमध्ये नसते. असते सुकी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. गंमत अशी की त्या मिरीचं सख्खं भावंड कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतं: तिरफळ. कुणी गाडीवाला ते ठेचून चटणीत घालून बघेल का? मी आनंदाने खाईन.

तर मग तपासायचं काय? 2024 मध्ये गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने अस्वच्छता आणि कृत्रिम रंग या कारणांवरून गोबी मंचुरियनवरच बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली, पदार्थ राहू दिला. मला कर्नाटकचा निर्णय शंभर टक्के पटतो. भडक लाल रंग, पुन्हा पुन्हा तापवलेलं काळं तेल, बादलीतल्या त्याच पाण्यात बुचकळलेल्या प्लेटा: पोट यांनी बिघडतं, पदार्थाच्या वंशावळीने नाही.

सिंगापुरातही एकेकाळी सगळं रस्त्यावरच होतं. सरकारने 1971 ते 1986 या काळात फेरीवाल्यांना नळ, गटार आणि वीज असलेल्या हॉकर सेंटरमध्ये हलवलं. ते सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. नव्या जागेत धंदा बसेल का, ही धास्ती अनेकांना होती. पण पदार्थ जगले, आणि 2020 मध्ये या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात विक्रीची क्षेत्रं ठरवण्याची तरतूद आहे. ठाण्यातल्या त्या पोराला ठरलेली जागा, वाहतं पाणी आणि वापरलेलं तेल टाकायची सोय कधी मिळणार? गावी आल्यावर मित्रांशी भांडायचंच असेल, तर मला यावर भांडायचंय.