कासव परत घ्यायचे ६०० रुपये कशाचे? (दुकानदाराचं उत्तर)

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, वाचलं. तुमची तक्रार अशी, की चार वर्षांपूर्वी आमच्याच दुकानातून रुपयाच्या नाण्याएवढं हिरवं कासव नेलं, तेव्हा 'एवढंच राहतं' असं सांगितलं. आता ते ताटलीएवढं झालंय. परत द्यायला आलात तर ६०० रुपये मागितले. धाकटीसाठी नवीन छोटं मागितलं, तर काउंटरवरच्या पोराने नाही म्हणून वर भाषण दिलं. शेवटी लिहिलंय, 'यापेक्षा सिद्धेश्वर तलावात सोडतो, पुण्य तरी लागेल.'

'एवढंच राहतं' हे माझ्याच तोंडचं वाक्य असणार. छोट्या टाकीत ठेवलं की छोटंच राहतं, असं ज्याच्याकडून माल घ्यायचो त्याने सांगितलं, मी तेच गिऱ्हाइकाला सांगत राहिलो. साफ खोटं आहे ते. हे लाल कानाचं स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. मादी फूटभर लांब होऊ शकते. नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं, म्हणजे धाकटीचं लग्न होईल तरी ते टाकीतच. हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माफी मागतो.

पोराच्या भाषणाचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. ते मीच पाठ करून घेतलंय. दोन वर्षं झाली, आम्ही स्लायडर विकत नाही.

आता ६०० रुपयांचं. दुकानामागे सिमेंटची टाकी आहे, त्यात आज ११ स्लायडर आहेत, सगळी लोकांनी आणून दिलेली. हा प्राणी पाणी किती घाण करतो, हे तुम्ही चार वर्षं बघितलंय. फिल्टर, खाणं, वीजबिल, उन्हाळ्यात वर हिरवी जाळी. सोलापूरचा मे तुम्हाला मी काय सांगू! पुढे ती विकायचीही नाहीत. तेव्हा ६०० काही फार नाहीत. तरी तुमचा राग रास्त आहे, कारण हा खर्च पहिल्या दिवशीच पिल्लाच्या किमतीत धरायला हवा होता. स्वस्त पिल्लू म्हणजे उधारीचा माल. दुकानदार मोकळा, गिऱ्हाईक मोकळं, उधारी तलावाच्या नावावर.

आणि तलावाचं तेवढं मनातून काढा, हात जोडतो. सिद्धेश्वर असो, संभाजी तलाव असो की हिप्परगा. स्लायडर सहजासहजी मरत नाही, हीच अडचण आहे. मिळेल ते खातं, उन्हाला बसायच्या जागा बळकावतं, आपल्या पाणकासवाला मागे रेटतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत याचं नाव आहे. २०२० साली गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही हेच सापडलं. तिथेही कुणीतरी पुण्यच कमवायला गेलं असेल.

तुम्ही विचाराल, मग सरकार काय करतंय? २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात परदेशी प्राण्यांची नोंदणी आली, २०२४ मध्ये नियमही झाले. पण ती नोंदणी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची, म्हणजे इग्वाना, बॉल पायथन वगैरे. स्लायडर त्या यादीत नाही, म्हणून त्याचा कागद कुणी विचारत नाही. आपलं स्टार कासव घरात ठेवलं तर गुन्हा, आणि हे खुशाल नाण्याच्या भावात! त्याच दुरुस्तीने अशा उपद्रवी परक्या जीवांचा व्यापार रोखायचा अधिकार केंद्राला दिलाय. तो स्लायडरवर वापरावा, असं मी दुकानदार असून म्हणतो.

फक्त सरसकट बंदी नको. उद्या 'घरात ठेवणं गुन्हा' म्हटलं, की परवा रात्री बादल्या घेऊन तलावावर रांग लागेल. जपानने २०२३ मध्ये हे ओळखूनच नियम केला. घरात आहे ते सांभाळा, पण विकायचं नाही, सोडायचं नाही. युरोपने १९९७ साली फक्त लाल कानवाल्याची आयात थांबवली, तर व्यापाऱ्यांनी त्याचेच पिवळ्या पोटाचे भाऊबंद आणले. आमची जात ओळखून नियम करावा लागतो, दादा. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने विकलं त्याने परत घ्यायचं, ही सक्ती हवी. बिलावर तसं छापलेलं हवं.

आमच्या बिलावर तुमच्या वेळी ते नव्हतं, म्हणून तुमच्याकडून ६०० घेणार नाही. २०२३ च्या आधी आमच्याकडून नेलेलं कुठलंही स्लायडर फुकट परत घेऊ. जुनं बिल नसलं तरी चालेल, मला तोंडं आठवतात.

आणताना भरलेल्या बादलीत नको, झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात ओला टॉवेल घालून आणा. दुपारच्या उन्हात नको, संध्याकाळी ५ नंतर या. सोमवारी बंद असतं. धाकटीलाही आणा, मागची टाकी दाखवतो. कासवाला हात लावला तर साबणाने हात धुवायला लावीन, साल्मोनेलाचे जंतू असतात त्याच्या अंगावर. हेही तेव्हा सांगायचं राहिलं होतं.