म्हणे, पोथी वाचत बसायची

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

आज जेवायला सगळे जमलो होतो. मावसभावाची बायको, आमची वहिनी, मोबाईलवर तिच्या आत्मविकास शिबिराचे फोटो दाखवत होती. लोणावळ्याजवळ तीन दिवस, 22 हजार रुपये. जाऊ दे की, तिचे पैसे, तिची हौस. पण मी सहज म्हटलं, आमच्या आईने घरी बसूनच दासबोधाचा अभ्यास केला, पत्राने. तर म्हणते कशी, "अगं, मावशी पोथी वाचत बसायच्या. ते वेगळं. हे स्वतःवर काम करणं असतं."

पोथी वाचत बसायच्या! घास घशाखाली उतरेना माझ्या.

2004 साली बाबा गेले. आई सातवी शिकलेली. घरात चार माणसं आली की ती माजघराच्या दाराआड उभी राहायची, चहाचा ट्रेसुद्धा आतूनच पुढे करायची. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी तिने हा अभ्यास धरला. दासबोधातला एक समास, म्हणजे छोटा अध्याय, वाचायचा, प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची, पाकिटात घालून टपालात टाकायची. मग समीक्षकांचे शेरे येऊन पडायचे. कोण कुठले ते समीक्षक, तिने कधी पाहिले नाहीत. रात्री भांडी आवरली की ओट्यावरचा दिवा तेवढा ठेवायची आणि बसायची. दहा समासांचा एक दशक, असे 20 दशक, 200 समास, 7751 ओव्या. कित्येक वर्षं लागली तिला.

आणि त्यात काय नाही सांगा मला! अक्षर कसं काढावं इथपासून, शरीराचे रोग, पाणी, वारा, सभेत कसं बोलावं, ऐकणाऱ्याने कसं ऐकावं, ते थेट ब्रह्मापर्यंत. आयुष्याचा एक कोपरा सोडलेला नाही. शिवाय 'आधीं प्रपंच करावा नेटका' असं बजावलेलं. घरदार सोडून तीन दिवस कुठे जा, असं नाही. लेखनाचा समास झाल्यावर आईने वहीत नुसत्या शिरोरेघा ओढायचा सराव केला होता. पंचावन्नाव्या वर्षी! पहिल्या वहीतलं अक्षर आणि शेवटच्या वहीतलं अक्षर एकाच बाईचं वाटत नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं आहेत. त्यात एक ओवी येते, 'घरीं विवेक उमजे । आणि सभेमध्यें लाजे । शब्द बोलतां निर्बुजे । तो येक मूर्ख ॥'. म्हणजे घरात सगळं कळतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की लाजतो, गांगरतो, तो मूर्ख. आईच्या पुस्तकात या ओवीशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'मी'. दुसरं काही नाही, एवढंच एक अक्षर.

पुढे एका उन्हाळ्यात भाऊबंद आले. ओसरीवर बसले, कागद पुढे केले. "वहिनी, सही करा, बाकी आम्ही बघतो." हक्कसोडपत्र होतं ते. मी तिथेच होते, आणि खरं सांगते, मला बोलता आलं नाही. आई दारातून बाहेर आली. ओसरीवर, सगळ्यांसमोर. म्हणाली, "आधी वाचून दाखवा. मोठ्यानं." कोणी वाचेना. तिने कागद घडी करून परत दिला आणि आत जाऊन आमटीला फोडणी घातली. हात थरथरत होते तिचे, मोहरी निम्मी बाहेर सांडली.

याला स्वतःवर काम करणं म्हणत नाहीत का? मग कशाला म्हणतात?

कोणी म्हणेल, नुसतं पुस्तक पुरत नाही, गुरू लागतो. हे मान्य. दासबोधातच म्हटलंय तसं, सद्गुरूवाचून ज्ञान नाही. आणि वर्णाबद्दलचं, बायकांबद्दलचं काही काही आज पटत नाही, तेही मान्य. आईलाही पटलं नव्हतं. तिने वहीत तसं लिहिलं होतं, आणि समीक्षकांनी त्याचं नीट दोन पानी उत्तर पाठवलं होतं. नुसतं वाचून पुस्तक मिटलं असतं तर हे झालं असतं का?

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. वहिनीचंही काय चुकलं म्हणा. तिने आईला पाहिलं ते दिवा लावून बसलेलं. ओसरीवर नाही पाहिलं. कदाचित तिलाही आत कुठेतरी काही सलत असेल, म्हणून एवढे पैसे घालून गेली. ते विचारायचं सोडून मी ताटावरून उठून गेले, हे बरं नाही केलं.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती असताना एकदा मी विचारलं होतं, "तो 'मी' आता खोडून टाक की. त्या दिवशी बोललीस ना." ती म्हणाली, "राहू दे. अजून लाजते कधी कधी."

वहिनी, तू ही पोस्ट वाचशीलच. आईच्या 11 वह्या माझ्याकडे कपाटात आहेत. रविवारी ये, आपण दोघी बघू.