वादळाचा डोळा आणि विजा

टायफूनवरचा, म्हणजे पश्चिम प्रशांत महासागरातल्या चक्रीवादळावरचा, लेख आवडला, पण ‘टायफून किनाऱ्याला धडकताना डोळ्याभोवती विजांचे थैमान असते’ हे वाक्य खटकले. डोळा म्हणजे वादळाचे शांत केंद्र; त्याच्याभोवती बहुतेकदा उलटे असते. वीज तयार व्हायला बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळाव्या लागतात, तेही शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्याच्या थेंबांमध्ये. त्यासाठी हवा जोरात वर चढावी लागते. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा भयंकर, पण वर चढणारी हवा आपल्या वळवाच्या ढगांपेक्षा बरीच मंद. म्हणून विजा जास्त करून बाहेरच्या पाऊसपट्ट्यांत, केंद्रापासून दोनतीनशे किलोमीटरवर चमकतात. भिंतीतच अचानक विजा वाढल्या तर मात्र शास्त्रज्ञ सावध होतात, वादळाची ताकद बदलत असू शकते.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले तेव्हा आम्ही पुण्यात दिवसभर घरात होतो. समोरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला, पण कडकडाट ऐकल्याचे मला आठवत नाही. मे महिन्यातल्या वळवात मात्र खिडक्या हादरतात. म्हणूनच सांगते, गडगडाट नाही म्हणून वादळ सौम्य समजू नका. आणि वळवाच्या दिवसांत पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये असू द्या, शेतावर जाणाऱ्यांनी तर नक्कीच.