आई पिल्लं खाते म्हणून काढून घ्या? हॅमस्टरच्या बाळंतपणावरचा एक फॉरवर्ड

‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून विकलेली जोडी महिन्याभरात बाळंत होते. मग सोसायटीच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो: ‘हॅमस्टरची आई पिल्लं खाते. जन्मताच पिल्लं काढून घ्या, ड्रॉपरने गाईचं दूध पाजा. पिंजरा रोज फिनाईलने पुसा, ऊब मिळायला कापूस घाला. बापाला सोबत राहू द्या. दोन महिन्यांनी पिल्लं वाटून टाका.’ मुंबईत तो वर्षानुवर्षं फिरतोय. मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, बाकी सगळं घातक.

आई पिल्लू खाते, पण कधी? घाबरल्यावर, घरट्याला परका वास आल्यावर, खाणंपाणी अपुरं पडल्यावर, किंवा पिल्लू मेलेलं वा अशक्त असल्यावर. 1930 मध्ये सीरियात अलेप्पोजवळ शेत खोल खणून एक मादी आणि तिची 11 पिल्लं बाहेर काढली होती. डब्यात टाकल्यावर त्या आईने जवळ आलेलं पिल्लू मारलं, पण तिचं घर उकरून झाल्यानंतर. आज ‘टेडी बेअर’ म्हणून विकले जाणारे सीरियन हॅमस्टर बहुतेक त्याच वेताचे वंशज. दुसरी गफलत डोळ्यांची. आई पिल्लू तोंडात धरते, गालाच्या पिशवीत कोंबते, बाहेर नुसते पाय लटकताना दिसतात. ती जागा बदलत असते. तेवढ्यात कुणीतरी किंचाळून पिंजरा ठोठावतं, आणि जे व्हायला नको तेच होतं.

म्हणून पहिले 14 दिवस घरट्याला हात लावायचा नाही, मोजायलाही नाही. पिंजऱ्यावर एका बाजूने चादर टाका, मुलांना लांब ठेवा. पिल्लू घरट्याबाहेर पडलं तर आधी आईला नेऊ द्या. तिने नेलंच नाही आणि ते गार पडायला लागलं, तर आईला खाऊ दाखवून दुसऱ्या कोपऱ्यात वळवा, चमच्याला घरट्यातलाच कागद चोळा आणि त्या चमच्याने पिल्लू आत सरकवा.

आता दूध. नवजात पिल्लू जेमतेम 2-3 ग्रॅमचं. ड्रॉपरचा एक थेंब श्वासनलिकेत गेला की संपलं. गेला नाही तरी गाईच्या दुधाने जुलाब होतात. पहिल्या आठवड्यात आईवेगळं पिल्लू माणसाच्या हातून जवळपास जगत नाही. दूध वाढवायचं तर आईला खायला घाला: नेहमीच्या दाण्यांसोबत रोज वाटाण्याएवढं उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं शिजवलेलं चिकन. आपल्या दमट हवेत ते दोन तासांत उचला. 8-10 दिवसांत पिल्लं डोळे बंद असतानाच रांगत दाणे कुरतडायला लागतात, तेव्हा थोडे दाणे घरट्याजवळ पसरा. पाण्याच्या बाटलीची नळी पिल्लांच्या तोंडाला पोचेल इतकी खाली आणा. वाटी नको, पिल्लं बुडतात.

फिनाईलचा वास आईला बिथरवतो आणि पिल्लांच्या फुप्फुसांना सोसत नाही. मुताचा कोपरा फारच ओला झाला तर आठवड्यानंतर तेवढाच चमच्याने काढा. कापसाचे धागे पायाला गुंडाळून रक्त अडवतात, पोटात गेले तर आतडी अडवतात. त्याऐवजी बिनवासाचा साधा पांढरा टॉयलेट पेपर, बोटभर रुंद पट्ट्या फाडून. सुताराकडचा भुसाही नको. त्यात प्लायवूडची धूळ आणि डिंक असतो. तारांचा पिंजरा असेल तर तारांमधलं अंतर बघा, पिल्लं त्यातून सटकतात. काचेची टाकी किंवा जाळीच्या झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा बरा, पण तो बाळंतपणाआधी. नंतर घर बदलू नका.

उन्हाळ्यात तापमान 30 अंशांपुढे गेलं की आईला ऊष्माघात होऊ शकतो. म्हणून पंखा किंवा एसीचा झोत थेट सोडला तर उघडी पिल्लं गारठतात. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेरून, घरट्याच्या विरुद्ध बाजूला टेकवा.

बापाचं उत्तर एका ओळीचं: बाळंतपणाआधीच बाहेर. सीरियन जातीत प्रौढ नर-मादी एकत्र ठेवूच नयेत, भांडून मरतात. ड्वार्फ या छोट्या हॅमस्टर जातींमध्ये मादी व्याल्यानंतर चोवीस तासांत पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे तीनेक आठवड्यांत दुसरं वेत. बाप उशिरा काढला असेल तर तेवढी तयारी ठेवा.

मेसेजमधली सर्वात महागात पडणारी चूक ‘दोन महिने’. 14 दिवसांच्या आसपास डोळे उघडतात, 21 दिवसांत दूध सुटतं, आणि सीरियन मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, सख्ख्या भावाकडूनही. 28 व्या दिवसाच्या आत नर आणि माद्या वेगळ्या डब्यांत गेल्याच पाहिजेत. पिल्लू हातात उताणं धरून शेपटीकडे बघा: दोन छिद्रं जवळजवळ चिकटून असतील तर मादी, मध्ये ठळक अंतर असेल तर नर. शंका आली तर ते पिल्लू एकटंच वेगळं ठेवा. सीरियन पिल्लं सहा-आठ आठवड्यांत भांडायला लागतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळा डबा.

दूध सुटण्याच्या याच दिवसांत रोज शेपटीखाली नजर टाका. तिथे ओलं, चिकट, वास मारणारं दिसलं आणि पिल्लू कुबड काढून बसलं असेल तर ते वेट टेल, म्हणजे हॅमस्टरचा जीवघेणा जुलाबाचा आजार, असू शकतं. उद्यावर टाकू नका, पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावतं. हॅमस्टर बघणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करा, कारण कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक दवाखाना ते घेत नाही.