नाही, मी तुमच्या मुलाला समजावणार नाही

आज ओपीडी संपता संपता एक गृहस्थ आले. सोबत बायको, आणि मागे मान खाली घालून उभा असलेला मुलगा. मुलगा एमबीबीएस झालाय, इंटर्नशिप संपलीय, नीट-पीजीला रँक चांगली आलीय. मला वाटलं पेढे घेऊन आलेत. गृहस्थ खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला जरा समजवा. रेडिओलॉजी मिळतेय, आणि हा म्हणतो सायकिअॅट्रीच घेणार. एवढी रँक वाया चाललीय."

माझ्याच दवाखान्यात. 'मनोविकारतज्ज्ञ' लिहिलेल्या पाटीखालून आत येऊन.

बाहेर अजून सहा पेशंट होते, म्हणून मी फार बोलले नाही. जाता जाता त्यांनी दारातून विचारलं, "तुम्ही तरी का घेतलं हो हे?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, जेवण झालंय, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

काका, 2008 साल होतं. मी एका सरकारी हॉस्पिटलात इंटर्न होते. सायकिअॅट्रीचं पंधरा दिवसांचं पोस्टिंग म्हणजे सीईटीच्या, म्हणजे पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या, अभ्यासाचे दिवस, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. तिसऱ्या दिवशी मेडिसिनच्या वॉर्डातून कॉल आला. बावीस-तेवीस वर्षांची बाई, चार दिवस बोलली नाही, खाल्लं नाही, पापणी लवत नव्हती म्हणा ना. गळ्यात दोरे, कपाळाला अंगारा. नातेवाईक म्हणत होते बाहेरचं झालंय. वॉर्डातल्या सिस्टर म्हणत होत्या नाटक करतेय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, सीटी नॉर्मल. आमच्या रेसिडेंट सरांनी तिचा हात उचलला आणि सोडून दिला. हात तिथंच राहिला, हवेत. कॅटाटोनिया. मनाच्या आजारात माणूस असा थिजून जातो. पुस्तकात मी चार ओळी वाचल्या होत्या.

सरांनी दोन मिलिग्रॅम लोराझेपाम, मन शांत करणारं औषध, शिरेतून हळूहळू दिलं आणि स्टुलावर बसून राहिले. मीही उभी राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी ती मान वळवून आईकडे बघायला लागली आणि म्हणाली, "माय, शेळ्या आत घेतल्या का?"

तिची आई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

आता सांगा, ह्यानंतर मी कशाला दुसरी ब्रांच घेऊ?

आमच्या लातुरात मुलगा दहावीला असल्यापासून रँक मोजतात. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. क्लासला पैसे घातले, खोली भाड्यानं घेऊन दिली, आई दोन वर्षं डबे करत इथं राहिली, म्हणून मुलानं आता सगळ्यात महाग ब्रांच घ्यायची. आणि त्याच क्लासची पोरं रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणून कुणाकडे येतात? माझ्याकडे. त्यांचे आईवडील दुपारी ओपीडीत गर्दी असताना येत नाहीत. संध्याकाळी अंधार पडल्यावर येतात. त्यांना मी तपासलेलं चालतं, फक्त घरातला मुलगा माझ्यासारखा झालेला चालत नाही.

डॉ. भरत वाटवानींना 2018 साली मॅगसेसे मिळाला तेव्हा ह्याच लोकांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून कर्जतला नेणाऱ्या माणसाचे फोटो फॉरवर्ड केले होते. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं सगळ्यांच्या. ते 1986 साली उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयातच काम करत होत्या ना? दुसऱ्याच्या घरात असलं की सेवा, आपल्या घरात असलं की रँक वाया. ह्याचा मला राग येतो, फार येतो.

पैसा रेडिओलॉजीत जास्त आहे, मान्य. रात्रीच्या ड्युट्या कमी म्हणून सायकिअॅट्री घेणारे असतात, मेडिसिन मिळालं नाही म्हणून येणारेही असतात. असू देत.

पण ह्या मुलाला मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "मॅडम, त्या वॉर्डातून ड्युटी संपली तरी निघावंसं वाटायचं नाही." वडिलांनी लगेच कपाळाला आठ्या घातल्या. मला मात्र ते स्टूल आठवलं. सर त्या दिवशी तिच्याजवळ पाऊण तास बसले होते. किती शेळ्या आहेत? चार. राखतं कोण? मीच. लग्न झाल्यावर कोण राखतं? इथं ती गप्प झाली. सर पण गप्प बसले, उठले नाहीत. तोपर्यंत सगळ्या वॉर्डांत मी पेशंटची हिस्टरी तीन ओळींत लिहीत आले होते. स्किझोफ्रेनिया कुठल्या रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, नैराश्य एमआरआयमध्ये दिसत नाही. बसून ऐकावंच लागतं. आजची काही हुशार पोरं ह्यासाठीच इकडं येतात. कुणी घरात आईचं आजारपण बघितलेलं असतं, कुणी हॉस्टेलवरचा मित्र गमावलेला असतो. ते वडिलांना सांगत नाहीत, मला सांगतात.

माझी मावशी किल्लारीच्या भूकंपानंतर कित्येक वर्षं घरात झोपली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर ती अंगणातच, थंडीत सुद्धा. सगळे म्हणायचे, घाबरट आहे. तिला डॉक्टरकडे नेलं नाही, कारण ह्याचाही डॉक्टर असतो हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. आता तरी काय वेगळं आहे? बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मनोरुग्णांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या 2015-16 च्या सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर 100 पैकी 80 हून जास्त जण उपचारांविना होते. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञ सुद्धा भरत नव्हता. 2022 पासून मानसिक त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही 14416 हेल्पलाइन आहे, चांगली गोष्ट आहे. पण फोनवरून पुढं ज्याच्याकडे पाठवायचं, तो तालुक्याला कुठून आणायचा? 2017 च्या कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. मनगटावर वळ असलेले पेशंट मी अजून बघते.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले. एक गोष्ट कबूल करायला हवी. ही ब्रांच माणसाला दुखावते. माझ्या एका पेशंटनं स्वतःचा जीव घेतला. दोनच दिवस आधी येऊन गेला होता, गोळ्या वेळेवर घेतो म्हणाला होता, जाताना हसला होता. सात वर्षं झाली. मी त्याची फाइल अजून कधी कधी काढून वाचते, काय निसटलं ते शोधते. "माझ्या मुलाला हे सोसवेल का?" असं त्या काकांनी विचारलं असतं ना, तर मी त्यांच्यासमोर गप्प बसले असते. ती काळजी खरी आहे. रँकेची नाही.

आणि शेळ्यांवाली लगेच ठणठणीत बरी झाली असंही नाही. त्या इंजेक्शनचा असर रात्रीपर्यंत ओसरला, ती पुन्हा भिंतीकडे बघत राहिली. इंजेक्शनं चालू राहिली, पुढं भूल देऊन शॉक द्यावे लागले. माझं पोस्टिंग संपलं तरी मी जात राहिले. सर रोज राउंडला तिला शेळ्यांचं विचारायचे. एक दिवस तिची आई गावाकडून येऊन म्हणाली, ढवळी व्याली, दोन पिल्लं झाली. आणि ही पोरगी हसली. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

पुढच्या वर्षी काउन्सेलिंगला माझा नंबर आला तेव्हा मेडिसिनची जागा शिल्लक होती. मी सायकिअॅट्री घेतली. अण्णा तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. आई नातेवाइकांना कितीतरी वर्षं "मेंदूची डॉक्टर आहे" असं सांगायची. तिला मी कधी दुरुस्त केलं नाही, पण लागलं होतं मनाला.

तर काका, माझं उत्तर हे असं आहे. मुलाला मी सोमवारी ओपीडीला बोलावलंय. तुम्हीही या. आत नाही, बाहेर बाकावर बसा दोन तास, आलेल्या लोकांशेजारी. तुम्ही याल की नाही मला माहीत नाही. मुलाचा मघाशीच मेसेज आलाय, किती वाजता येऊ म्हणून.