चारचौघांत लाजवून शुगर उतरत नाही

'पूर्वीच्या सिस्टर सगळ्यांसमोर खडसावायच्या, म्हणून पेशंट पथ्य पाळायचे. आता गोड बोलून लाडावून ठेवलंय,' असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे चार. वजनाचा आकडा मोठ्याने सांगितला की माणूस वजन उतरवतो. शुगर जिभेवर ताबा नसलेल्यांनाच होते. प्रसूतीत टोचून बोलल्याशिवाय बाई जोर लावत नाही. आणि उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना अडवणाऱ्या गुडमॉर्निंग पथकांनी लाजवूनच गावं हागणदारीमुक्त केली. माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "खरंय गं. जरा वजन उतरू दे, मग जाते तपासणीला." आत्या इन्सुलिनवर आहे. मी स्टाफ नर्स आहे. गप्प बसवेना.

आधी वजनाचं. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या २,९४४ लोकांची चार वर्षांतली वजनं तपासणारा अभ्यास युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. वजनावरून आपल्याला कमी लेखलं जातं, दवाखान्यातसुद्धा नीट वागवत नाहीत, असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोने वाढलं. ज्यांची अशी तक्रार नव्हती त्यांचं ०.७१ किलोने घटलं. एवढ्यावरून 'अपमानामुळेच वाढलं' असं ठामपणे म्हणता येणार नाही, हे मान्य. पण अपमानाने वजन उतरतं म्हणणाऱ्यांनी निदान हे आकडे तरी बघावेत.

जिभेच्या ताब्याचा मुद्दा तर निव्वळ अडाणीपणाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे अंगातल्या अशा न दिसणाऱ्या चरबीमुळे दिसायला सडपातळ भारतीय माणूसही शुगरच्या उंबरठ्यावर असू शकतो. त्याला कुणाची जीभ दाखवणार?

पण मला खरा संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लाजवलेला पेशंट काय करतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलंच नाही. तो सुधारत नाही, तो खोटं बोलायला शिकतो. तपासणीच्या आधी दोन दिवस भात, चहा, गोड सगळं बंद करतो. उपाशीपोटीची शुगर छान येते, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी मात्र नऊच्या वर, म्हणजे बरीच जास्त. गोळ्या चुकल्या तरी 'रोज घेतो' म्हणतो, कारण मागच्या खेपेला रांगेतल्या वीस माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलेलं असतं. डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाही. ते डोस वाढवतात. मग घरी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून सगळ्या गोळ्या वेळेवर द्यायला लागतं आणि शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, कधी बेशुद्धी. पायाची जखमही अशीच लपते. मोजा काढायला सांगितला की 'काही नाही सिस्टर, चप्पल लागली' आणि बोटांच्या बेचक्यात काळं पडलेलं असतं. जखम आधी दाखवली असती तर ड्रेसिंगवर भागलं असतं, तिथे बोट काढायची वेळ येते. केसपेपरवर खोटी माहिती लिहिली गेली की पुढचा सगळा उपचार त्या खोट्यावर चालतो.

प्रसूतीबद्दल एवढंच सांगते. 'तेव्हा लाज नाही वाटली का?' हे वाक्य कळा सोसणाऱ्या बाईला ऐकवून बाळ लवकर येत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात बाईला सन्मानाने वागवणं हा प्रसूतिगृहाच्या दर्जाचाच भाग धरला आहे. तो काय उगाच?

आता अर्धं खरं. टोचून बोलल्यावर एखादा जागा होतो, हो. नातवाने 'आजोबा, वास येतो' म्हटलं आणि तंबाखू सुटली, अशी माणसं मीही पाहिली आहेत. पण आजोबांना नातवाकडून औषध घ्यायचं नसतं, म्हणून त्याच्यापासून काही लपवायचंही नसतं. आणि स्पष्ट बोलायला माझी ना नाही. 'असंच चाललं तर पाय जाईल' हे मी तोंडावर सांगते, पण बाजूला घेऊन, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं नाही.

गुडमॉर्निंग पथकांनी पहाटे टमरेल घेतलेल्यांना गाठलं, गुलाब दिले, फोटो काढले. काही जण बिचकले असतील. पण संडास बांधायला पैसे लागतात, पाणी लागतं. स्वच्छ भारत अभियानात संडासासाठी पात्र कुटुंबांना बारा हजार रुपये दिले जात होते, ते मेसेजमध्ये कुठे आहेत?

माझ्या बरोबरीच्या सिस्टरना एक विनंती. ओपीडीत गर्दी असते, घसा सुकतो, एखाद्यावर आवाज चढतो, हे मला माहीत आहे. तरी वजनकाटा पडद्यामागे सरकवा आणि आकडा ओरडून सांगू नका, गुपचूप लिहा. 'गोळ्या घेता ना?' याऐवजी 'या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?' असं विचारा. राहतातच, हे आपण आधीच धरलंय असं दिसलं की पेशंट खरा आकडा सांगतो.