तेल शोधणं म्हणे फुकटात होतं!

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'उपग्रह आणि एआयमुळे तेल शोधणं आता फुकटात होतं. साठे कधीच संपणार नाहीत. भाव वाढतात ते फक्त कंपन्यांच्या लबाडीमुळे.'

उपग्रहाचं आधी उरकू. दोन-तीन किलोमीटर खडकाखालचं तेल त्याला दिसत नाही. समुद्रात जहाजामागे लांबच लांब केबल ओढून, हवेचे दणके देऊन, परतणाऱ्या लहरींवरून खडकांचा नकाशा काढतात. संगणकाने हा नकाशा खूप सुधारला, मान्य. पण तेल आहे का, हे भोक पाडल्यावरच कळतं. शेल कंपनीने अलास्काच्या उत्तरेला सुमारे ७ अब्ज डॉलर ओतले आणि २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. फुकटात?

आता खर्च. सिन्नर-निफाडच्या शेतकऱ्याला हे समजावायला नको. बोअरचं मशीन आज दिवसभरात ३०० फूट सहज मारतं, पण बिल फुटावर होतं आणि पाणी खाली गेलंय. (पाणाड्याचे पैसे वेगळेच!) तेलाचंही तसंच. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ड्रेक नावाच्या माणसाला जेमतेम २१ मीटरवर तेल लागलं. २००९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातली टायबर विहीर १०,६८५ मीटरपर्यंत न्यावी लागली, तीही सव्वा किलोमीटर पाण्यातून. सोपं तेल आधी उपसलं जातं. तंत्र खर्च खाली ओढतं, आटते साठे वर. कधी याची सरशी, कधी त्याची.

अमेरिकेत तंत्राची सरशी झाली. २००८ मध्ये रोज सुमारे ५० लाख पिंपं निघायची, २०१९ मध्ये १.२ कोटी. मात्र तिथल्या शेल नावाच्या खडकातल्या (वरच्या शेल कंपनीशी याचा संबंध नाही) विहिरीचं उत्पादन साधारण वर्षभरातच निम्म्याहून खाली येतं, म्हणून सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. शिवाय २०१४ नंतर खर्च घटला त्याला एक साधं कारणही होतं: तेलाचे भाव कोसळले, रिग (विहीर खोदायची यंत्रं) रिकाम्या पडल्या, भाडी उतरली.

'साठे संपणार नाहीत' हे अर्धंच खरं. शेवटचा थेंब कुणीच काढणार नाही, कारण त्याआधीच ते परवडेनासं होईल. साठ्यात तेवढंच तेल मोजतात जेवढं चालू भावात काढणं परवडतं. भाव पडला की कागदावरचा साठाही आटतो. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायमध्ये नवं तंत्र ओतूनही उत्पादनाचं जुनं शिखर परत आलेलं नाही.

राहिली लबाडी. २०२० मध्ये कच्चं तेल गडगडलं, तेव्हा केंद्राने मार्चमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. स्वस्ताई पंपापर्यंत पोचली नाही ती यामुळे. मेसेजमध्ये कराचा उल्लेखही नाही.